आठ मजल्यांचा फळा

सकाळचे सात वाजत आले होते आणि घरात रोजची शोधाशोध चालू होती. आज स्कूटरची किल्ली हरवली होती. काल डाव्या पायातला मोजा हरवला होता आणि परवा चष्मा. तो शेवटी कपाळावरच सापडला. ती डबा भरता भरता नवऱ्याला किल्लीच्या जागा सांगत होती. कालच्या पँटचा खिसा बघा, फ्रीजवर बघा, न्हाणीघरातल्या फळीवर बघा. सासूबाईंना अलीकडे कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या आपल्या खुर्चीतून मधूनच कोण काय शोधतंय ते विचारत होत्या. लेक कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. पांघरुणातून डोकंही बाहेर न काढता ती म्हणाली, "पिठाच्या डब्यावर आहे." आणि किल्ली खरंच तिथे होती.

तेवढ्यात दार वाजलं. घंटा नव्हे, दार. घंटा आठ महिन्यांपासून बंद होती. ज्याच्या हाताखालून शहरातल्या निम्म्या लिफ्ट जात होत्या, त्याच्या स्वतःच्या दाराची घंटा बंद, आणि बिल्डिंगला लिफ्टच नाही. जावेला ही गोष्ट इतकी आवडायची, की घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती आवर्जून सांगायची.

दारात त्याचे सुपरवायझर उभे होते. तीन जिने चढल्यामुळे त्यांना धाप लागली होती, आणि त्यामुळे चेहऱ्यावरचा राग पहिली दोन मिनिटं बाहेरच पडू शकला नाही. तिने पाणी दिलं, पंखा लावला, खुर्ची पुढे केली. पाणी पिऊन झाल्यावर ते शांतपणे बोलले आणि ते जास्त वाईट होतं. काल संध्याकाळी एका बिल्डिंगमधली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक निवृत्त शिक्षिका एकट्याच होत्या, चाळीस मिनिटं. त्यांना काही झालं नाही, हे नशीब. पण त्या लिफ्टची तपासणी गेल्या आठवड्यात व्हायला हवी होती आणि ती याच्याकडे होती. सकाळपासून फोन लावतोय, तो उचलत नाही, म्हणून स्वतः आलो.

नवऱ्याचा हात खिशाकडे गेला. फोन तिथे नव्हता.

"तुमच्यासारखा हात आपल्याकडे दुसऱ्या कुणाचा नाही," सुपरवायझर म्हणाले. "पण या वर्षातली ही चौथी वेळ. वरून सांगितलंय, तुम्हाला गोडाऊनमध्ये सुटे भाग मोजायला बसवा. मी एक महिना मागून घेतलाय. या महिन्यात एकही काम सुटलं नाही, तर बाहेरची कामं राहतील. एक जरी सुटलं, तर पुढच्या एक तारखेपासून गोडाऊन."

त्यांनी चहा घेतला नाही. जिना उतरताना त्यांच्या बुटांचे आवाज तळापर्यंत ऐकू आले.

गोडाऊनमध्ये पगार तोच होता, दगदग कमी होती आणि ऊनपाऊस नव्हता. दुसऱ्या एखाद्या बाईने हुश्श केलं असतं. पण ती या माणसाला एकोणीस वर्षं ओळखत होती. लग्नाआधी ती तिच्या मावशीच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमध्ये अडकली होती आणि बाहेरून एक आवाज आला होता: "ताई, घाबरू नका. लिफ्ट कुठेही पडत नाही. मी इथेच आहे, बोलत राहा." बाहेर काढेपर्यंत त्याने तिला तिच्या कॉलेजचं नाव, आवडता विषय आणि न आवडता मास्तर, सगळं विचारून घेतलं होतं. पुढचं सगळं मावशीने जुळवलं. हा माणूस तळमजल्यावर उभा राहून डोळे मिटायचा, लिफ्ट वर जाऊ द्यायचा आणि सांगायचा, पाचव्या मजल्याच्या दाराचं चाक झिजलंय. वर जाऊन बघावं तर ते झिजलेलं असायचं. असा माणूस गोडाऊनमध्ये नटबोल्ट मोजत बसला तर वर्षभरात वाळून जाईल, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

घोडं अडत होतं ते एकाच ठिकाणी. हातातलं काम सोडून दुसरं काही त्याच्या डोक्यात टिकायचं नाही. कामावर त्याला सगळे 'आलोच' म्हणत. कुणीही, कुठूनही, कशासाठीही फोन करावा, हा म्हणायचा "आलोच", आणि ते अगदी मनापासून. एका वेळी पाच जणांना आलोच म्हणून झालेलं असायचं आणि पाचही जण आपापल्या जिन्यात वाट बघत असायचे. घरातलं मात्र एकोणीस वर्षं तिने निभावून नेलं होतं. विम्याचा हप्ता, गॅसची नळी, लेकीच्या शाळेतली पालकसभा, त्याच्या बहिणीचा वाढदिवस. तो दारातून बाहेर पडताना ती यादी म्हणायची आणि दुपारी फोन करून पुन्हा म्हणायची. त्याची आठवण म्हणजे तीच. पण लिफ्ट जिथून वरखाली होते त्या शाफ्टमध्ये ती काही त्याच्याबरोबर उतरू शकत नव्हती.

पहिल्या चार दिवसांत तिघींनी मिळून त्याला सुधारायला घेतलं. तिने एक जाड डायरी आणली. ती डायरी तिसऱ्या दिवशी एका लिफ्टच्या टपावर राहिली आणि दिवसभर नऊ मजले वरखाली करत फिरली. लेकीने फोनमध्ये रंगीत खुणांची कसलीशी सोय करून दिली, कामाप्रमाणे रंग आणि रंगाप्रमाणे आवाज. पण ज्या हाताला कोपरापर्यंत ग्रीस लागलंय, तो हात फोन वाजला की बोटाच्या पेराने कसाबसा गप्प करतो आणि पुढच्या क्षणी विसरतो. सासूबाईंनी उपरण्याला गाठ मारायला सांगितलं. उपरणं नव्हतं म्हणून त्यांनी रुमालाला मारून दिली. संध्याकाळी तो रुमाल दाखवत घरी आला, की ही गाठ कशाची होती. सासूबाईंनाही ते आठवेना.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," असं म्हणून त्या स्वतःच हसत सुटल्या.

पाचव्या दिवशी संध्याकाळी लेक चिडून घरी आली. मैत्रिणीच्या बिल्डिंगमध्ये ती चौथ्या मजल्यावर बटण दाबून उभी होती, आणि लिफ्ट तिच्यासमोरून वर निघून गेली. ही कसली लिफ्ट, बटण मी आधी दाबलं होतं.

तो जेवता जेवता थांबला. लिफ्टचा विषय निघाला की त्याचं जेवण थंड होणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याने समजावून सांगायला सुरुवात केली. तुला खाली जायचं होतं आणि लिफ्ट वर चालली होती. ती वाटेत वळत नाही. वर जाताना वरच्यांना घेते, मग खाली येताना खालच्यांना. कुणी दहादा बटण दाबलं म्हणून धावत सुटत नाही. जो आधी ओरडेल त्याच्याकडे आधी गेली, तर दिवसभर नुसती हेलपाटे घालेल आणि कुणीच पोचणार नाही.

"तुझ्यासारखं," लेक म्हणाली.

ताटावरचा त्याचा हात तसाच राहिला. तिला वाटलं, आता पोरगी बोलणी खाणार. पण तो वेगळ्याच तंद्रीत होता.

"लिफ्टला डोकं नाही," तो हळूच म्हणाला, जणू स्वतःलाच. "तरी ती विसरत नाही. कारण ती लक्षात ठेवतच नाही. दिवा लावून ठेवते. बटण दाबलं की दिवा लागतो, आणि तिथे जाऊन येईपर्यंत तो लागलेलाच राहतो. बस्स."

दुसऱ्या दिवशी तो रीतसर चिठ्ठी घेऊन गोडाऊनमध्ये गेला आणि भंगारात निघालेली बटणांची एक पितळी पाटी घेऊन आला. आठ मजल्यांची, एकाखाली एक आठ गोल बटणं, प्रत्येकात एक छोटा दिवा. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून खाटखूट चालली. स्वयंपाकघरात, पाण्याचं फिल्टर आणि खिडकी यांच्या मध्ये, जिथे तिला कित्येक वर्षांपासून मसाल्याची फळी हवी होती, तिथेच त्याने ती पाटी ठोकली. प्रत्येक बटणाशेजारी कागदाची चिठ्ठी अडकवायला एक चिमटा. काम आलं की चिठ्ठी लिहायची, चिमट्यात अडकवायची, बटण दाबायचं, दिवा लागेल. काम झालं की पुन्हा दाबायचं, दिवा विझेल. घरात सगळे याला फळा म्हणू लागले.

खालचे चार मजले घराचे आणि वरचे चार कामाचे. तिने विचारलं, घर का म्हणून तळाला. त्यावर तो म्हणाला, लिफ्ट तळमजल्यावरूनच निघते. या उत्तरावर तिने मसाल्याची फळी माफ करून टाकली.

त्याचे नियम फार नव्हते, पण ते सगळे त्याच्या धंद्यातून आलेले होते. बाहेर कुणी काम सांगितलं तर पाऊल उचलायच्या आधी लिहायचं. त्यासाठी हत्यारांच्या पिशवीच्या मुठीला एक जाड पुठ्ठा आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. घरी आल्यावर बूट काढायच्या आधी ते फळ्यावर. सकाळी सात ते साडेसात फळ्यासमोर बसायचं, खालून वर दिवा लागलेल्या सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि दिवसाची कामं पुठ्ठ्यावर उतरवायची. एकदा निघालं की त्याच क्रमाने जायचं. कुणी अडकलं असेल तरच वाट मोडायची. आणि मजले आठच. नववं काम आलं, तर आधी एक उतरवायचं.

"जास्त माणसं चढली तर लिफ्ट भांडत नाही," त्याने लेकीला सांगितलं. "दार लावत नाही, एवढंच."

चारपाच दिवसांतच घराचा नूर पालटला. पहिल्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी 'दाराची घंटा' अशी चिठ्ठी लावली. अक्षर लेकीचं होतं, पण तिने कबूल केलं नाही. संध्याकाळी घंटा वाजली आणि सासूबाई सोडून सगळे दचकले. फोनवर तो आता आलोच म्हणेनासा झाला. पिशवीवरचा पुठ्ठा बघायचा आणि म्हणायचा, "परवा सकाळी साडेदहाला येतो." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, चुकीचा नंबर लागला. आणि परवा साडेदहाला तो खरंच तिथे असायचा. तिची दुपारची यादी आपोआप आखूड होत गेली. चष्म्याच्या दुकानात ती सकाळी अर्धा दिवस काम करायची. तिथे एकदा तिच्या लक्षात आलं, की गेला तासभर आपण नवऱ्याच्या कुठल्याच कामाचा विचार केलेला नाही. दात काढल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या मोकळ्या जागेकडे जाते ना, तसं तिचं मन त्या रिकाम्या तासाकडे जात राहिलं.

सासूबाईंनी चौथा मजला आपल्या नावावर करून घेतला होता. त्यांच्या कानाच्या मशीनसाठी दोन महिने वाट पाहिल्यावर तारीख मिळाली होती, मंगळवारी सकाळी साडेदहाची. चिठ्ठी लागली, दिवा लागला. त्या जाता-येता तो दिवा बघायच्या. बटण दोनतीनदा दाबलं तर काम लवकर होईल, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांना आवरता आवरता नाकी नऊ यायचे.

तो मंगळवार महिन्याचा बारावा दिवस होता. ती दुपारी एक वाजता दुकानातून परतली, तर सासूबाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसलेल्या. अंगावर ठेवणीतली साडी, पायात चपला, मांडीवर पिशवी, पिशवीत कानाचे जुने कागद. त्या सकाळी दहापासून तशाच बसून होत्या. घराची घंटा त्यांना ऐकू यायची नाही, फोनही ऐकू यायचा नाही. म्हणून दार बघत बसल्या होत्या.

"अगं, दिवा विझला होता सकाळी," त्या म्हणाल्या. रागाचा लवलेशही नव्हता. "मला वाटलं, रद्द झालं असेल. तरी म्हटलं, तयार राहावं."

ती स्वयंपाकघरात गेली. चौथ्या मजल्यावर चिठ्ठी होती, दिवा विझलेला होता. तिने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. दिवा लागेना.

तो संध्याकाळी आला तेव्हा खुशीत होता. बारा दिवस, एकही काम सुटलं नव्हतं. तिने चौथ्या मजल्याकडे बोट दाखवलं. त्याने बूट न काढताच पाटीचे स्क्रू सोडले, चौथा दिवा बाहेर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. आतली तार तुटली होती. सकाळी सातला तो खालून वर वाचत गेला होता आणि विझलेल्या दिव्याची चिठ्ठी वाचायचं कारण नव्हतं. विझलेला म्हणजे झालेलं.

दवाखान्यात फोन केला तर पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. आईला ते त्याने तिच्या कानाजवळ जाऊन सांगितलं. सासूबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, नाहीतरी या घरात ऐकण्यासारखं काय बोलता रे तुम्ही.

तिला बरंच काही बोलता आलं असतं. एकोणीस वर्षांचं साठलेलं होतं आणि वेळही नेमकी होती. फळा उखडून टाका आणि माझी मसाल्याची फळी लावा, इथपर्यंत शब्द आले होते. पण तो जमिनीवर बसून त्या तुटक्या दिव्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर शरमेची नव्हती. लिफ्ट अडकल्यावर बंद दारासमोर उभा राहून तो असाच बघायचा.

"आमच्यात असं कधीच ठेवत नाहीत," तो शेवटी म्हणाला. "लोकांना वाटतं, वीज आली की ब्रेक लागतो. उलट असतं. ब्रेक कायम आवळलेलाच असतो, वीज त्याला सोडवते. वीज गेली की तो आपोआप आवळतो. काहीही बिघडलं तरी लिफ्ट थांबली पाहिजे, चालू राहता कामा नये. पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट, आणि मी घरात उलटं करून ठेवलं. दिवा बिघडला की काम झालं म्हणे."

पुढच्या सुट्टीला त्याने सगळी जोडणी फिरवली. आता आठही दिवे एरवी लागलेले राहणार. काम आलं की बटण दाबायचं, दिवा विझणार. काम संपलं की पुन्हा दाबायचं, दिवा लागणार. अंधार म्हणजे बाकी. दिवा स्वतःहून गेला, तर फार तर काय होईल, कुणीतरी जाऊन एकदा विनाकारण चिठ्ठी बघेल. लेकीने विचारलं, आणि सगळ्या घराचीच वीज गेली तर? मग सगळंच बाकी, तो म्हणाला, बसून सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या.

पुठ्ठ्यालाही त्याने तोच न्याय लावला. आठवा मजला वाचून झाला की पुठ्ठ्याच्या तळाला एक बरोबरची खूण करायची. खूण नसेल, तर फळा पुरता वाचलेला नाही असं धरायचं, मग स्वतःला कितीही खात्री वाटो. 'मला वाटलं' या दोन शब्दांनी चाळीस मिनिटं एक बाई अडकली आणि तीन तास माझी आई बसून राहिली, असं तो लेकीला म्हणाला. ते ऐकून त्याच्या बायकोला पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस महिना काढेल.

सत्ताविसाव्या दिवशी परीक्षा झाली. त्या दिवशी तिच्या दुकानाला साप्ताहिक सुट्टी होती. सात वाजून दहा मिनिटांनी तो फळ्यासमोर पुठ्ठा घेऊन बसला असतानाच सुपरवायझरांचा फोन आला. एका कार्यालयाच्या इमारतीत सकाळी साफसफाईला आलेल्या दोघी अडकल्या होत्या. तो लिहिणं तिथेच सोडून, चहा अर्धा टाकून पळाला. अडकलेल्या माणसासाठी वाट मोडायची, हा नियमच होता.

नऊच्या सुमाराला ओटा पुसताना तिची नजर फळ्याकडे गेली. घराचा एक आणि कामाचे तीन मजले अंधारात. तिने सहज चिठ्ठ्या वाचल्या. सातव्यावर लिहिलं होतं: हॉस्पिटलची मोठी लिफ्ट, आज अकरा, तपासनीस येणार, हजर राहणे. खाली दुहेरी रेघ. तपासनीस आले आणि मेकॅनिक नसला तर ते लिफ्टला कुलूप लावतात, हे तिला ठाऊक होतं. स्ट्रेचर नेणारी ती एकच लिफ्ट. आणि पुठ्ठ्यावर त्याने किती उतरवलं होतं, कुणास ठाऊक. दहा मिनिटांत सातव्यापर्यंत पोचला असेल? ती त्याची लिहायची गती ओळखून होती. नसणारच.

तिने फोन हातात घेतला, नंबर काढला आणि बोट बटणावर ठेवलं. एकोणीस वर्षांचं वळण होतं ते. एक वाक्य बोललं की महिना सुटला, गोडाऊन टळलं. पण मग पुढच्या महिन्याचं काय? मग फळा तोच, दिवे तेच, आणि त्यामागची तार आपणच, जी कधी ना कधी तुटणार. तिने फोन खाली ठेवला. पण ती काही साधुसंत नव्हती. हॉस्पिटल त्या इमारतीपासून अर्ध्या तासावर आहे, हा हिशेब तिने आधीच केला होता. सव्वादहापर्यंत थांबायचं. सव्वादहाला फोन करायचाच, मग अभिमान गेला चुलीत.

तिने ओटा दुसऱ्यांदा पुसला. डबे उतरवून फळ्या पुसल्या. सासूबाईंनी विचारलं, आज कोण येणार आहे का. पावणेदहा झाले. दहा झाले. लेक आंघोळीहून आली आणि आईकडे एकदा, फळ्याकडे एकदा बघून शेजारी येऊन उभी राहिली.

दहा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

"दोघी सुखरूप बाहेर आल्या," तो म्हणाला. "ऐक, माझ्या पुठ्ठ्यावर दोनच कामं आहेत. मला वाटतंय दोनच होती. पण खाली खूण नाही. तेव्हा तू फळ्यासमोर जा आणि पाचपासून आठपर्यंत वाच."

ती फळ्यासमोरच उभी होती, हे तिने सांगितलं नाही. पाच वाचला. सहा वाचला. सातवा मात्र ती अंमळ सावकाश वाचत गेली.

"सात राहिला होता," तो म्हणाला. "आठ?"

"आठला दिवा आहे."

"मग झालं. खूण केली. निघालो."

फोन ठेवल्यावर लेकीने आईचा खांदा दाबला. आईला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. त्याला आठवलं नव्हतं. अजिबात आठवलं नव्हतं. आपल्याला आठवणार नाही, हे मात्र त्याला ठाऊक होतं, आणि त्याने त्याची सोय करून ठेवली होती. चांगली स्मरणशक्ती काय, पोपटालाही असते. स्वतःची खोट ओळखून तिला टेकू देणारी माणसं तिने फार पाहिली नव्हती. जाऊबाई आता कुणासमोर काय सांगणार होत्या ते सांगोत, तिच्याकडे त्यांना सांगण्यासारखं काहीतरी होतं.

तपासनीस अकराला आले, तेव्हा तो हॉस्पिटलच्या लिफ्टच्या टपावर कमरेला पट्टा बांधून तयार होता. हे तिला त्याच्याकडून नाही, सुपरवायझरांकडून कळलं.

महिना संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा तीन जिने चढून आले. या वेळी धाप लागलेली होती, पण चेहरा मोकळा होता. चहाही घेतला आणि दुसरा कपही मागितला. कामावर सगळे ज्या फळ्याबद्दल बोलत होते, तो त्यांना बघायचा होता. ते कितीतरी वेळ फळ्यासमोर उभे राहिले. न राहवून त्यांनी पहिल्या मजल्याचं बटण दाबलं. दिवा विझला आणि ते दचकून मागे सरले.

"आता काहीतरी काम सांगावं लागेल तुम्हाला," लेक म्हणाली. ते हसले आणि त्यांनी घाईघाईने बटण पुन्हा दाबलं.

चौथा मजला मात्र अंधारातच होता. त्यांनी विचारलं, हे काय राहिलंय. तो लपवाछपवी न करता म्हणाला, आईच्या कानाचं. माझ्या चुकीने तारीख हुकली, आता दोन आठवड्यांनी आहे. सासूबाईंना आपल्याबद्दल बोललं जातंय एवढं कळलं. त्यांनी हात वर करून पाहुण्याला आशीर्वाद दिला.

मग सुपरवायझरांनी सांगितलं, गोडाऊनचा विषय संपला. तेवढंच नाही, हॉस्पिटलवाल्यांनी कळवलंय, की त्यांच्या चारही लिफ्टना हाच माणूस द्या. म्हणजे मोठी जबाबदारी, जास्त वर्दळ, जास्त फोन. तेव्हा काय लागेल ते आत्ताच मागा. मदतीला माणूस, नवी हत्यारं, काय हवं ते. वर बोलायला आज माझ्या तोंडात जोर आहे.

तिने नवऱ्याकडे बघितलं. स्कूटर बारा वर्षांची झाली होती. हत्यारांची पेटी त्याच्या वडिलांच्या वेळची होती. मागा, मागा, असं ती मनातल्या मनात म्हणत होती; सगळ्या जन्मात यांनी कुणाकडे काही मागितलेलं नाही. त्याने पुठ्ठा हातात घेतला, त्यावर काही लिहिलेलं आहे का ते बघितलं आणि पुन्हा ठेवून दिला. मग अगदी साध्या आवाजात, लिफ्टबद्दल बोलतो तसा, तो म्हणाला:

"साहेब, कुणी अडकलं असेल तर कधीही फोन करा. एरवी सकाळी सात ते साडेसात मला फोन करू नका."